४७ नंबरचा आंद्रेई किरिलेंको: तुमच्यापैकी कोणी त्याचा खेळ पाहिलाय का?

रिमखालचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

इथे बास्केटबॉलचा विषय निघाला की जॉर्डन, कोबी, लेब्रॉन यांच्यापुढे गाडी फारशी सरकत नाही. तिघेही थोरच. पण आज मला एका वेगळ्या खेळाडूबद्दल लिहायचंय. एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, त्याने ७९७ सामने खेळले आणि सरासरी आहे सामन्यामागे ११.८ गुण. एवढ्या आकड्यावर कुणी वळूनही बघणार नाही. तरी ज्याचे जुने सामने मी सगळ्यात जास्त वेळा पाहिले असतील, तो हाच. रशियाचा आंद्रेई किरिलेंको.

जन्म १८ फेब्रुवारी १९८१, गाव इझेव्स्क. कलाश्निकोव्ह रायफलींचा कारखाना तिथलाच. नावाची आद्याक्षरं ए. के., पाठीवर नंबर ४७ घेतला आणि 'एके-४७' हे टोपणनाव आयतंच मिळालं. वाढला मात्र लेनिनग्राडमध्ये, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये. तिथल्या स्पार्टाक संघाकडून १९९७ मध्ये वरिष्ठ लीगमध्ये उतरला तेव्हा वय होतं पंधरा. पुढच्याच वर्षी सीएसकेए मॉस्कोने त्याला उचललं.

१९९९ च्या ड्राफ्टमध्ये (एनबीएचे संघ नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात तो) युटा जॅझ संघाने त्याला २४ व्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या फेरीत निवडला गेलेला तो पहिला रशियन. त्याआधी १९९४ मध्ये सर्गेई बाझारेविच अटलांटाकडून थोडेसे सामने खेळला होता, पण त्याला कुणी ड्राफ्टमध्ये घेतलं नव्हतं. जॅझने घाई केली नाही. आणखी दोन वर्षं पोराला मॉस्कोतच खेळू दिलं, आणि २००१ मध्ये विशीतला किरिलेंको सॉल्ट लेक सिटीत, जॅझच्या गावी, दाखल झाला. तिथे कोण होते? जॉन स्टॉकटन आणि कार्ल मलोन. शिकायला याहून चांगलं घर कुठे मिळणार! पहिल्याच हंगामात लीगमधल्या नवोदितांच्या मानाच्या पहिल्या संघात त्याची निवड झाली.

२००३ मध्ये स्टॉकटन निवृत्त झाला, मलोन लेकर्सकडे गेला. अठरा-एकोणीस वर्षं ज्या दोन खांबांवर घर उभं होतं ते दोन्ही एका उन्हाळ्यात निघाले. हा संघ लीगमधला सगळ्यात वाईट ठरणार, अशी भाकितं झाली. त्या संघाने ८२ पैकी ४२ सामने जिंकले. किरिलेंको त्या वर्षी ऑल-स्टार झाला, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंत गणला गेला. सामन्यामागे १६.५ गुण, ८.१ रिबाउंड (हुकलेला चेंडू पकडणं), ३.१ असिस्ट (गुण मिळवून देणारा पास), १.९ स्टील (चेंडू हिसकावणं), २.८ ब्लॉक (समोरच्याने टाकलेला चेंडू हवेतच अडवणं). ही ओळ सावकाश वाचा. ब्लॉक करणारे उंच सेंटर असतात, स्टील करणारे चपळ गार्ड असतात. दोन्ही कामं एकाच माणसाने रोज करायची, ही फार दुर्मीळ गोष्ट आहे.

यावरूनच 'पाच बाय पाच'कडे येतो. एकाच सामन्यात गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील आणि ब्लॉक, पाचही रकान्यांत किमान पाच. स्टील आणि ब्लॉकची अधिकृत नोंद १९७३-७४ पासून होते. तेव्हापासून हे जमलेल्यांची यादी अगदी छोटी आहे. हकीम ओलाजुवानने ते सहा वेळा केलं, किरिलेंकोने तीन वेळा. त्यातले पहिले दोन तर डिसेंबर २००३ मध्ये एका आठवड्याच्या आत: ३ तारखेला ह्यूस्टनविरुद्ध १९ गुण, ५ रिबाउंड, ७ असिस्ट, ८ स्टील, ५ ब्लॉक, आणि १० तारखेला न्यूयॉर्कविरुद्ध १०, १२, ६, ६, ५. तिसरा ३ जानेवारी २००६ ला लेकर्सविरुद्ध: १४ गुण, ८ रिबाउंड, ९ असिस्ट, ६ स्टील, ७ ब्लॉक. म्हणजे पाचही रकान्यांत सहा किंवा जास्त.

आता दुखरी बाजू. २००४ मध्ये जॅझने त्याच्याशी सहा वर्षांचा, सुमारे ८ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला. त्याच उन्हाळ्यात कार्लोस बूझर आणि मेहमेत ओकुर आले, पुढच्या वर्षी डेरॉन विल्यम्स आला. २००४-०५ मध्ये दुखापतींनी अर्धा हंगाम गेला. जे ४१ सामने खेळला त्यात सरासरी ३.३ ब्लॉक घेऊन तो लीगमध्ये पहिला होता. पण संघाचा खेळ हळूहळू विल्यम्स-बूझर जोडीभोवती बांधला गेला. बास्केटखालची जागा बूझर आणि ओकुरने भरली, आणि किरिलेंकोला बाहेरच्या कोपऱ्यात उभं केलं गेलं. तिथून नेम धरून मारणं हे त्याचं बलस्थान कधीच नव्हतं. २००६-०७ मध्ये सरासरी ८.३ गुणांवर आली.

एप्रिल २००७. ह्यूस्टनविरुद्ध प्लेऑफची (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांची) पहिली लढत झाली होती. दुसऱ्या दिवशी पत्रकारांशी बोलताना किरिलेंकोला रडू आवरलं नाही. आपला आत्मविश्वास गेलाय, संघात आपली जागा कुठे आहे ते कळत नाही, असं तो सांगत होता. सहा फूट नऊ इंचांचा ऑल-स्टार, कॅमेऱ्यांसमोर डोळे पुसतोय. त्याला तेव्हा फार हिणवलं गेलं. आजही ते वाचलं की मला त्रास होतो.

आणि त्याच वर्षीचा सप्टेंबर. माद्रिदमध्ये युरोबास्केटचा, म्हणजे युरोपातल्या राष्ट्रीय संघांच्या स्पर्धेचा, अंतिम सामना. समोर यजमान स्पेन, जे २००६ चे विश्वविजेते होते. प्रशिक्षक डेव्हिड ब्लॅट यांनी रशियाच्या संघात किरिलेंकोला मधोमध ठेवलं होतं आणि मोकळीक दिली होती. शेवटची २.१ सेकंदं उरली असताना जे. आर. होल्डनने उडी मारून चेंडू टाकला, तो रिमवर (बास्केटच्या कड्यावर) आपटला, वर उडाला आणि आत पडला. रशिया ६०, स्पेन ५९. पाऊ गसोलचा शेवटचा प्रयत्न रिमवरून फिरून बाहेर गेला. स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू: आंद्रेई किरिलेंको.

एप्रिल ते सप्टेंबर, पाच महिने. माणूस तोच, हात तेच, पाय तेच. त्याला कुठे उभं केलं, एवढाच फरक होता. मला या धाग्यात हेच मांडायचंय. तुम्हाला काय वाटतं?

---

मेघदूत०७

सुंदर लिहिलंय. मनापासून सांगतो, मला किरिलेंको एकाच गोष्टीमुळे माहीत होता. २००७ च्या प्लेऑफमध्ये बॅरन डेव्हिसने ज्याच्या डोक्यावरून डंक मारला, म्हणजे उडी घेऊन चेंडू थेट बास्केटमध्ये कोंबला, तो माणूस. ती क्लिप मी शंभर वेळा तरी पाहिली असेल. खाली कोण होता याचा विचार कधी केला नव्हता. ऑल-स्टार होता हे आज कळलं.

---

रिमखालचा

मेघदूत, ती क्लिप पुन्हा एकदा लावा, पण या वेळी डेव्हिसकडे बघू नका. गोल्डन स्टेटविरुद्धची तिसरी लढत आहे, ओकलंडमध्ये, मे २००७. डेव्हिस बेसलाइनने, म्हणजे बास्केटमागच्या रेषेलगतून, आत घुसतो. तिथे किरिलेंको मदतीला येतो आणि उडी मारतो. सामना त्यांच्या हातातून गेलेला होता, जॅझ तो १२५-१०५ असा हरले. अशा वेळी मोठमोठे खेळाडू बाजूला होतात, हात खाली ठेवतात, कारण उद्या आपला फोटो भिंतीवर लागेल ही भीती असते. हा गडी गेला आणि उडाला.

आणि ती मालिका जॅझने ४-१ अशी जिंकली, हे त्या क्लिपमध्ये कुठेच येत नाही. त्याआधी ह्यूस्टनला सातव्या लढतीत त्यांच्याच घरी हरवलं होतं. म्हणजे ज्या माणसाचा आत्मविश्वास गेला होता, तो त्यानंतर संघाबरोबर कॉन्फरन्सच्या (लीगच्या अर्ध्या भागाच्या) अंतिम फेरीपर्यंत गेला. तिथे सॅन अँटोनियोने ४-१ ने थांबवलं.

---

सातासमुद्रापार

मी २००३ ते २००९ सॉल्ट लेक सिटीत होते, नवऱ्याची नोकरी तिकडे. बास्केटबॉलचं मला तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं, पण त्या गावात दुसरा मोठा खेळच नव्हता. ऑफिस, चर्च, किराणा दुकान, सगळीकडे जॅझ. डेल्टा सेंटरमध्ये वरच्या रांगेतली स्वस्त तिकिटं काढून आम्ही वर्षातून चार-पाच सामने बघायचो. त्या स्टेडियममध्ये रांगा इतक्या उभ्या चढत गेलेल्या की वर बसलं तरी मैदान पायाखाली आहे असं वाटायचं, आणि आवाज असा की शेजारच्याच्या कानात ओरडावं लागे.

किरिलेंको तिथे सगळ्यांना आवडायचा. लुकडा, पिवळे केस कपाळावर उभे केलेले, लांबच लांब हात. मुलांच्या अंगात ४७ नंबरचे शर्ट दिसायचे.

पण रिमखालचा, तुमच्या मांडणीत एक बाजू राहिलीय असं मला वाटतं. करार झाल्यावर लोकांच्या अपेक्षा बदलल्या. संघात सगळ्यात जास्त पगार ज्याला, त्याने शेवटच्या मिनिटात चेंडू हातात घ्यावा, असं सामान्य माणसाला वाटणारच. माझ्या शेजारच्या काकांनी चाळीस वर्षं नोकरी करून हंगामाची तिकिटं काढली होती. ते म्हणायचे, "मला मुलगा आवडतो, पण मी एवढे पैसे कशासाठी भरतोय ते मला दिसलं पाहिजे." त्यात जेरी स्लोन हे जुन्या वळणाचे प्रशिक्षक. त्यांची ठरलेली पद्धत होती आणि तिच्यावर त्यांनी हजाराच्या वर सामने जिंकले. एका खेळाडूसाठी ते ती मोडणार नव्हते, आणि संघ जिंकत असताना त्यांनी ती का मोडावी?

युरोबास्केट जिंकून झाल्यावर किरिलेंकोने आपल्या ब्लॉगवर लिहिलं की मला सोडा, उरलेल्या कराराचे पैसेही सोडायला तयार आहे. तेव्हा गावातली बरीच माणसं दुखावली होती. मीही. आज तुमचा लेख वाचून त्याची बाजू जास्त कळतेय, पण तेव्हाचं दुःखही खोटं नव्हतं.

---

रिमखालचा

ताई, तुम्ही प्रत्यक्ष तिथे होतात, तुमचं म्हणणं मी खोडणार नाही. स्लोन यांना दोष द्यायचा माझा हेतू नाही, त्यांच्या संघाने त्या वर्षी ५१ सामने जिंकले होते.

फक्त त्या ब्लॉगबद्दल. उरलेली रक्कम काही कोटी डॉलरमध्ये होती. ती सोडून देतो, पण मला खेळू द्या, असं म्हणणारा माणूस पैशाचा लोभी म्हणता येत नाही. आणि जॅझने सोडलं नाही तेव्हा तो रुसून बसला नाही. मग २०११ पर्यंत, एकूण दहा हंगाम, तो तिथेच खेळला. मधल्या काळात बेंचवरून उतरायला सांगितलं तर बेंचवरून उतरला.

---

वैदर्भी

या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी नागपुरात शाळेच्या मुलींना बास्केटबॉल शिकवते. किरिलेंको माझ्यासाठी पाठ्यपुस्तक आहे, म्हणून थोडं तांत्रिक लिहिते.

त्याचे ब्लॉक बघताना एक लक्षात घ्या. चेंडू ज्याच्या हातात आहे त्याच्यावर किरिलेंकोचा पहारा बहुतेक वेळा नसतोच. तो उभा असतो चेंडूच्या विरुद्ध बाजूला, ज्याला आम्ही वीक साइड म्हणतो. त्याचा स्वतःचा माणूस कोपऱ्यात. किरिलेंको त्या माणसापासून दोन पावलं आत सरकलेला, अंग अर्धं वळवलेलं, म्हणजे एका नजरेत चेंडूही दिसतो आणि आपला माणूसही. समोरचा गार्ड आपल्यावरच्या बचावपटूला चुकवून आत शिरतो, बास्केट मोकळी दिसते, तो ले-अपसाठी (बास्केटजवळून टाकायला) चेंडू उचलतो. चेंडू दोन्ही हातांत धरला की आता त्याला परत ड्रिबल करता येत नाही. किरिलेंको नेमका त्या क्षणी निघतो. आधी निघाला तर गार्ड पास देईल, उशिरा निघाला तर फाउल होईल. तो मागून किंवा बाजूने येतो आणि चेंडू हातातून सुटल्यावर, वर जात असतानाच बोटांनी ढकलतो.

युटामध्येच मार्क इटनने १९८४-८५ मध्ये सामन्यामागे ५.५६ ब्लॉक केले होते, तो विक्रम आजही आहे. पण इटन सात फूट चार इंच, तो बास्केटखाली उभा राहायचा आणि लोक त्याच्यावर जाऊन आदळायचे. किरिलेंकोला प्रत्येक ब्लॉकसाठी धावत यावं लागायचं आणि चुकला तर परत आपल्या माणसाकडे धावत जावं लागायचं. मी मुलींना हे परत जाणंच जास्त दाखवते.

आमच्याकडे शेल ड्रिल घेतात, चार विरुद्ध चार. चेंडू फिरत राहतो आणि बचाव करणाऱ्या चौघींनी प्रत्येक पासबरोबर जागा बदलायची. मुली कंटाळतात. शूटिंग कधी, शूटिंग कधी, एवढंच चालू असतं. स्कोरशीटवर त्या सरकण्याची नोंद कुठेच होत नाही ना! म्हणून मी लॅपटॉप घेऊन जाते आणि लेकर्सविरुद्धचा तो २००६ चा सामना लावते.

रिमखालचा, तुमचं मूळ म्हणणं मला पटलं, एक भर घालते. मदतीचा बचाव करणारा खेळाडू बास्केटजवळ असेल तरच उपयोगी. समोर नेमबाज माणूस दिला की त्याला बाहेरच राहावं लागतं. म्हणजे स्मॉल फॉरवर्डच्या (बास्केटपासून बाहेर खेळणाऱ्या) जागेवर गेल्यावर त्याचा नुसता आक्रमणात तोटा झाला असं नाही, बचावातही तो पेंटपासून (बास्केटसमोरच्या आखलेल्या पट्ट्यापासून) लांब गेला. तरीही २००६ मध्ये तो लीगमधल्या बचावपटूंच्या मानाच्या पहिल्या संघात होता, त्याआधी दोन वर्षं दुसऱ्या संघात.

---

मेघदूत०७

वैदर्भी, हा प्रतिसाद सेव्ह करून ठेवला आहे. क्लिप आता खरंच वेगळी दिसतेय.

---

निळी_सायकल

मी युरोपियन बास्केटबॉल जास्त बघतो, त्यामुळे माझा किरिलेंको २०११-१२ चा. एनबीएत टाळेबंदी झाली (मालक आणि खेळाडूंच्या वादात सामने थांबले) आणि तो सीएसकेएकडे परत आला. टाळेबंदी संपली तरी तो मॉस्कोतच थांबला. त्या हंगामात युरोलीगचा (युरोपातल्या क्लबांच्या मोठ्या लीगचा) सर्वोत्तम खेळाडूही तोच आणि सर्वोत्तम बचावपटूही तोच. मिलोश तेओदोसिच, नेनाद कर्स्टिच, रामुनास शिश्कौस्कस, अलेक्सेई श्वेद. कागदावर त्या संघाला हरवणारं कुणी दिसत नव्हतं.

१३ मे २०१२, इस्तंबूल, अंतिम सामना ऑलिंपियाकोसशी. तिसऱ्या सत्रात सीएसकेए १९ गुणांनी पुढे. मी टीव्ही चालू ठेवून चहा टाकायला उठलो होतो. परत आलो तर आघाडी विरघळायला लागली होती. शेवटच्या दहा सेकंदांत सीएसकेए ६१-६० ने पुढे, शिश्कौस्कस फ्री थ्रो लाइनवर. तो युरोपातला अत्यंत भरवशाचा माणूस. पहिला चुकला. दुसराही चुकला. स्पानूलिस चेंडू घेऊन धावत आला, बचाव त्याच्याकडे ओढला गेला, त्याने बाजूला दिला आणि प्रिंटेझिसने एका हाताने उंच उचलून टाकला. घड्याळात ०.७ सेकंद. ६२-६१.

संपूर्ण हंगाम ज्याने खांद्यावर वाहून आणला त्या किरिलेंकोला युरोलीगचा करंडक मिळाला नाही, आणि पुढेही कधी मिळाला नाही. मला ते अजून पचलेलं नाही.

पण त्याच उन्हाळ्यात लंडन ऑलिंपिक. गटात रशियाने स्पेनला हरवलं, ब्राझीलला शेवटच्या क्षणी फ्रिड्झोनच्या तीन गुणांवर ७५-७४ ने हरवलं. उपांत्य फेरीत स्पेनपुढे मध्यंतराला ११ गुणांची आघाडी होती, ती टिकली नाही. कांस्यपदकाच्या सामन्यात समोर अर्जेंटिना. जिनोबिली, स्कोला, ती सगळी सुवर्णपिढी. रशिया ८१-७७. श्वेदने २५ गुण केले, किरिलेंकोने २०. सोव्हिएत संघाचं विघटन झाल्यानंतर रशियाच्या पुरुष संघाला ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचं मिळालेलं ते पहिलं पदक. २००८ मध्ये बीजिंगला तो देशाचा ध्वज घेऊन चालला होता, पण संघ गटातच गारद झाला होता. ध्वज २००८ ला, पदक २०१२ ला.

---

मेघदूत०७

आणि ब्रुकलिनचं काय? मालक रशियन होता म्हणून काहीतरी वाद झाल्याचं पुसटसं आठवतंय.

---

रिमखालचा

हो. लंडननंतर तो मिनेसोटाकडे गेला, दोन वर्षं, दोन कोटी डॉलर. एक वर्ष खेळून त्याने दुसऱ्या वर्षाचे सुमारे एक कोटी डॉलर सोडले आणि २०१३ मध्ये ब्रुकलिन नेट्सकडे साधारण ३२ लाखांवर गेला. नेट्सचे तेव्हाचे मालक मिखाईल प्रोखोरोव्ह, पूर्वी सीएसकेएशीही संबंधित. त्यामुळे टेबलाखालून काही देणंघेणं झालं का, अशी कुजबुज इतर संघांतून उठली. प्रोखोरोव्हने ती साफ फेटाळली. जो माणूस २००७ मध्येही करार सोडायला निघाला होता, तो २०१३ मध्ये कमी पैशांत जाईल यात मला तरी नवल वाटत नाही.

ब्रुकलिनचा काळ मात्र फुलला नाही. पाठीचं दुखणं, कमी मिनिटं. डिसेंबर २०१४ मध्ये त्याला फिलाडेल्फियाकडे दिलं. बायकोच्या गरोदरपणामुळे तो तिकडे गेलाच नाही. संघाने मोकळं केल्यावर परत सीएसकेए, आणि २०१५ च्या उन्हाळ्यात निवृत्ती. वय ३४.

निवृत्तीनंतर थोड्याच आठवड्यांत, ऑगस्ट २०१५ मध्ये, तो रशियन बास्केटबॉल महासंघाचा अध्यक्ष झाला. तेव्हा महासंघातल्या भांडणांमुळे फिबाने (जागतिक बास्केटबॉल महासंघाने) रशियाला निलंबित केलेलं होतं. ते निलंबन त्याच वर्षी उठलं. २०२२ मध्ये युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर फिबाने रशियाचे संघ पुन्हा बाहेर ठेवले. ज्याने राष्ट्रीय संघाच्या शर्टात आपला सगळ्यात मोकळा खेळ केला, त्याच्याच कारकिर्दीत त्या शर्टाला युरोबास्केटमध्ये जागा उरली नाही. युद्धात ज्यांची घरं गेली त्यांच्यापुढे ही गोष्ट लहानच आहे, तरी लिहिल्यावाचून राहवलं नाही.

---

सातासमुद्रापार

रिमखालचा, एक विचारते. मागच्या वर्षी लेकीला घेऊन तिकडे गेले होते, तेव्हा त्याच स्टेडियमच्या छताला मानाने टांगलेले नंबर बघितले. स्टॉकटनचा १२, मलोनचा ३२, इटनचा ५३, स्लोन यांचा १२२३ (त्यांनी जिंकलेल्या सामन्यांचा आकडा). ४७ दिसला नाही. माझ्या नजरेतून सुटला का?

---

रिमखालचा

सुटला नाही ताई. ४७ तिथे लावलेलाच नाही.

---

सातासमुद्रापार

मग मी आता शेजारच्या त्या काकांना ईमेल करते. त्यांच्याकडे अजून हंगामाची तिकिटं आहेत. वैदर्भी, लेकर्सच्या सामन्यात कोणता ब्लॉक आधी बघायला सांगू?

---

वैदर्भी

कोणताही सांगा, पण ब्लॉक झाल्यावर व्हिडिओ थांबवू नका म्हणावं. पुढची पाच सेकंदं तो कुठे धावतो ते बघायला सांगा.